चाललंय न्हवं, मग हात लावू नको!

"चाललंय न्हवं? मग कशाला हात लावायचा?"

कोल्हापुरात कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकू आलं नाही असा आठवडा जात नाही. पतसंस्थेचे मॅनेजर म्हणतात, दवाखान्यातले कंपाउंडर म्हणतात, उद्यमनगरातले कारखानदार म्हणतात, शाळेतले क्लार्क म्हणतात. आणि म्हणताना चेहऱ्यावर भाव असा, की चार पिढ्यांच्या शहाणपणाचा अर्क काढून वाटीत दिलाय. बरेच दिवस गप्प बसलो. आज या वाक्याच्या विरोधात लिहिणार आहे. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

विषय आहे डेटाबेस सर्व्हर बसवण्याचा आणि वेळच्या वेळी बदलण्याचा. नातेवाईक मंडळींनो, लगेच पान बंद करू नका! "तू नक्की करतोस तरी काय?" हे लग्नाकार्यात तुम्हीच विचारता ना? मग आता ऐका.

शाहूपुरीची गुळाची पेठ शाहू महाराजांनी १८९५ साली वसवली. तिथल्या अडत दुकानांतला दिवाणजी डोळ्यांसमोर आणा. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत टिपतो, मग सवडीनं खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवतो. मध्येच दिवा गेला, दिवाणजी उठून गेला, तरी रोजकीर्द बघून खतावणी पुरी करता येते. डेटाबेस सर्व्हर म्हणजे हाच दिवाणजी. तोही आधी रोजकीर्द लिहितो (तिला आमच्याकडे 'लॉग' म्हणतात) आणि मग खतावणी. तुमचं पिग्मीचं खातं, दुधाचं बिल, मुलाचा शाळेतला दाखला, सगळं त्याच्या वह्यांत. गिऱ्हाईकानं थेट वही चाळायची नाही, दिवाणजीला विचारायचं. दिवाणजी अर्धी नोंद करत असताना कुणी वहीचा फोटो काढला, तर त्या फोटोत रोजकीर्द आणि खतावणी जुळत नाहीत. सर्व्हर चालू असताना त्याचा फोल्डर नुसता कॉपी करण्यात हाच धोका आहे.

आता व्हर्जन बदलणं म्हणजे काय? नवा दिवाणजी नेमणं. जुन्याचं अक्षर, जुन्याच्या खुणा नव्याला कळतीलच असं नाही. म्हणून एक तर जुन्यानं वाचून दाखवायचं आणि नव्यानं नव्या वहीत उतरवून घ्यायचं, किंवा एखादं अवजार वापरून वह्यांची मांडणी जागच्या जागी बदलून घ्यायची. पोस्टग्रेस नावाचा एक चांगला, फुकट मिळणारा डेटाबेस आहे. त्याचं मोठं व्हर्जन वर्षातून एकदा येतं आणि प्रत्येकाची देखभाल पाच वर्षं होते. पाच वर्षांनी तो दिवाणजी निवृत्त. तुम्ही त्याला गादीवर बसवून ठेवू शकता, पण त्याच्या कामात भोक सापडलं तर बुजवायला कुणी येत नाही. मायएसक्यूएलचं ५.७ हे व्हर्जन ऑक्टोबर २०१५मध्ये आलं आणि ऑक्टोबर २०२३मध्ये त्याची मुदत संपली. ते आपल्या गावात अजून किती ठिकाणी चाललंय याचा अंदाज करायला मला भीती वाटते.

"वह्या तर आहेत ना? मग झालं!" असं म्हणणाऱ्यांना मी मोडीची आठवण करून देतो. आपल्याकडे संस्थानकाळातली कागदपत्रं ढिगानं आहेत, पण मोडी वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा सरकारला मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. कागद तोच होता, शाईही होती. वाचणारा नव्हता. वीस वर्षांपूर्वीच्या डेटाबेसच्या फायली हातात घेऊन बसलेल्या माणसाची गत याहून वेगळी नसते.

बरं, 'हात लावू नको'वाल्यांवर नुसता रागही काढता येत नाही. त्यांची सवय एके काळी बरोबर होती! डीबेस-फॉक्सप्रोच्या जमान्यात दिवाणजी नव्हताच, नुसत्या वह्या होत्या. संध्याकाळी सगळे घरी गेले की फाइल फ्लॉपीवर कॉपी केली, झाला बॅकअप. दुसऱ्या मशीनवर टाकली, झालं इन्स्टॉलेशन. मग सर्व्हर आले आणि खालची सगळी व्यवस्था बदलली, पण सवय फ्लॉपीच्या काळातलीच राहिली.

आणि इन्स्टॉलेशन इतकं सोपं करून ठेवलंय की ही व्यवस्था कुणाला दिसतच नाही. विंडोजवर 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश'. दहा मिनिटांत काम फत्ते, नारळ फोडा, पेढे वाटा. या दहा मिनिटांत वह्या कुठल्या कपाटात गेल्या हे ना बसवणाऱ्यानं विचारलं, ना बसवून घेणाऱ्यानं. मायएसक्यूएल ५.० असताना वह्या 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये सर्व्हरच्या शेजारीच असायच्या. पुढच्या व्हर्जनांत त्या 'प्रोग्रॅमडेटा'मध्ये गेल्या, आणि हा फोल्डर विंडोज मुळात लपवूनच ठेवतं. शोधायला गेलात तरी दिसणार नाही!

लिनक्सवर एक ओळ टाइप करायची, बाकी सगळं आपोआप. पण 'लिनक्स' म्हणजे तरी एक घर आहे का? पोस्टग्रेस घ्या. डेबियन आणि उबुंटूवर तो बसवला की लगेच चालूसुद्धा होतो. रेड हॅटच्या घराण्यात आधी वह्या आखून द्याव्या लागतात, मग तो उठतो. दोन्हीकडे वह्यांची जागा वेगळी. डेबियनवर नवं व्हर्जन बसवलं तर ते जुन्याच्या शेजारी मुकाट्यानं जाऊन बसतं. जुना ५४३२ या खिडकीवर, नवा ५४३३ वर. तुमचा प्रोग्रॅम जुन्याच खिडकीवर रांग लावतो आणि तुम्ही छाती पुढे काढून सांगता, "अपग्रेड केलं!" नवा दिवाणजी कोरी वही घेऊन माशा मारत बसलेला असतो.

कधी कधी दिवाणजीच बदलतो. मायएसक्यूएल हे मूळचं स्वीडनच्या कंपनीचं अपत्य, १९९५ सालचं. २००८मध्ये ती कंपनी सननं घेतली, २०१०मध्ये सनला ओरॅकलनं. मूळ कर्त्यांपैकी एकानं २००९मध्येच वेगळी चूल मांडली, ती मारियाडीबी. २०१७मध्ये डेबियन ९ आलं तेव्हा त्यात मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी बसवलेली होती. ऑपरेटिंग सिस्टीम बदलायला गेलेल्या माणसाचा डेटाबेसही बदलला, आणि एकदा तिनं वह्या हाती घेतल्या की परत जुन्याकडे सोपवता येणार नाहीत, ही सूचना कागदोपत्री दिलेली होती. वाचतो कोण?

आणखी एक गंमत. विंडोजवर मायएसक्यूएलला टेबलाचं नाव मोठ्या लिपीत लिहिलं काय नि लहान लिपीत काय, सारखंच. लिनक्सवर ती दोन वेगळी नावं. विंडोजवर दहा वर्षं सुखानं चाललेला प्रोग्रॅम लिनक्सवर नेला की सांगतो, "असं टेबलच नाही." ते टेबल समोर दिसत असतं! आणि ८.० पासून ही सेटिंग फक्त पहिल्यांदा वह्या आखतानाच ठरवता येते, नंतर बदलता येत नाही.

म्हणून विंडोज भारी की लिनक्स भारी या भांडणात मला रस उरलेला नाही. प्रत्येक घराची रीत वेगळी आहे. ज्या घरात नांदायचं त्या घराची रीत माहीत हवी, इतकंच. पण आपल्याकडे हे भांडण मिसळ कुठली तिखट या भांडणासारखं चालतं आणि वह्या कुठं आहेत ते शेवटपर्यंत कुणाला ठाऊक नसतं.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. एक छोटी पतसंस्था. नाव सांगणार नाही, कारण माणसं भली आहेत आणि नाव महत्त्वाचंही नाही. त्यांचं सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा मायएसक्यूएल ५.० होतं. बसवणाऱ्यानं एक छोटी फाइल करून दिली होती. संध्याकाळी तिच्यावर टिचकी मारली की 'प्रोग्रॅम फाइल्स'मधला फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरायचा. त्या वेळी हे ठीकच होतं. पुढं २०१३मध्ये मशीन बदललं, त्याबरोबर व्हर्जनही बदललं, आणि वह्या लपलेल्या फोल्डरात गेल्या. टिचकी मात्र जुन्याच जागी चालू राहिली. क्लार्क इतका नेकीचा, की सहा वर्षांत एक दिवस चुकला नाही. रोज पेन ड्राइव्ह भरायचा, तारीख टाकायचा, तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटात ठेवायचा. त्या पेन ड्राइव्हवर नुसता सर्व्हरचा प्रोग्रॅम जात होता, जो कुणालाही फुकट मिळतो. वही एकही नाही!

ऑगस्ट २०१९. पंचगंगेचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. इशाऱ्याची पातळी ३९ फूट, धोक्याची ४३, आणि पाणी त्याच्याही कितीतरी वर. शिरोलीजवळ हायवे बंद, शहर बेट झालेलं. संस्थेच्या तळमजल्यावर मशीन पाण्यात गेलं. कपाटातला पेन ड्राइव्ह ठणठणीत कोरडा होता. तो घेऊन ते माझ्याकडे आले, चेहऱ्यावर समाधान की आपण खबरदारी घेतली होती. त्या वेळी काय सांगावं लागलं असेल याची कल्पना करा.

नशीब एवढंच, की ३१ मार्चची खातेनिहाय शिलकी यादी ऑडिटसाठी कागदावर छापून दिलेली होती. म्हणजे १ एप्रिलपासून पुराच्या दिवसापर्यंतचे चार महिने हवेत. मग सुरू झालं पासबुकं गोळा करणं, पिग्मी एजंटांच्या वह्या मागवणं. फुलं विकणाऱ्या एक मावशी आल्या. त्यांचंही घर पाण्यात होतं, पासबुकाचा लगदा झालेला. रोज पन्नास रुपये भरत होत्या. संचालकांपैकी एक जण म्हणाले, "कागद नाही, मशीन नाही, द्यायचे कशावर?" मावशी शांतपणे म्हणाल्या, "पाच ऑगस्टपर्यंत रोज भरल्यात. भाचीच्या लग्नाला गेले ते तीन दिवस वजा करा." एकशे सत्तावीस दिवस, त्यातून तीन वजा, गुणिले पन्नास. सहा हजार दोनशे. नंतर एजंटाची वही सापडली, त्यात आकडा निघाला सहा हजार दोनशे! मावशींच्या डोक्यात हिशेब पक्का होता. ज्याच्यासाठी पैसे मोजून सर्व्हर बसवला, त्या सर्व्हरचा मात्र पत्ता नव्हता. आणि एजंटाची वही सापडली नसती तर? संचालकांनी त्यांच्या शब्दावर सहा हजार दिले असते का? मला अजून खात्री नाही.

आता 'हात लावू नको'वाले म्हणतील, बघा, २०१३मध्ये व्हर्जन बदललं म्हणूनच घोटाळा झाला! हात लावलाच नसता तर? हा युक्तिवाद मला तोंडावर ऐकवला गेलाय, म्हणून त्याला नीट उत्तर देतो.

पहिली गोष्ट, हात लावल्यावर बिघडतं हे मला मान्य आहे. खोटं कशाला बोलू? मायएसक्यूएल ८.० एप्रिल २०१८मध्ये आलं तेव्हा 'रँक' आणि 'ग्रुप्स' हे शब्द त्यानं स्वतःसाठी राखून ठेवले. ज्या शाळेच्या निकालाच्या प्रोग्रॅममध्ये 'रँक' नावाचा रकाना होता, तो अपग्रेडनंतर आडवा होणारच. पासवर्ड तपासायची पद्धत बदलली, त्यामुळे जुने प्रोग्रॅम दारातच अडकले. ८.० वर गेलेल्या वह्या घेऊन ५.७ वर परत येता येत नाही, आणि ५.६ वरून थेट ८.० वर उडीही मारता येत नाही, आधी ५.७ ची पायरी चढावी लागते. हे सगळं खरं आहे. म्हणून तर अपग्रेड आधी दुसऱ्या मशीनवर करून बघायचं असतं. वह्यांची प्रत काढायची, जुन्या लॅपटॉपवर नवा सर्व्हर बसवायचा, प्रत त्यात उतरवायची, आठ दिवस सगळे रिपोर्ट काढून बघायचे. बिघडलं तर लॅपटॉपवर बिघडेल. पतसंस्थेच्या बाबतीत एवढं केलं असतं तर पेन ड्राइव्हवर वह्या नाहीत हे २०१३मध्येच पहिल्या दिवशी कळलं असतं.

दुसरी गोष्ट, तुम्ही हात लावला नाही म्हणून काही जागच्या जागी राहत नाही. खालची जमीन सरकते. याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे लिनक्समधली 'जीलिबसी'. हा सगळ्या प्रोग्रॅमांच्या तळाशी असलेला पाया. अक्षरांचा क्रम कुठला, आधी कोण नंतर कोण, हे पोस्टग्रेस सहसा तिला विचारून ठरवतो. ऑगस्ट २०१८मध्ये तिचं २.२८ व्हर्जन आलं आणि त्यात हा क्रमच बदलला. आता बघा, शाळेत आपण क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या शेवटी शिकलो, पण बऱ्याच शब्दकोशांत 'क्षमा' क मध्ये सापडते. समजा खातेदारांची यादी शाळेच्या क्रमानं लावलेली आहे आणि शोधणारा शब्दकोशाच्या क्रमानं शोधतोय. क्षीरसागरांचं खातं यादीत आहे, पैसे आहेत, पण शोधणारा क मध्ये बघून सांगतो, "या नावाचं खातं नाही." मग त्याच नावाचं दुसरं खातं उघडलं जातं. डेबियन ९ वरून १० वर, रेड हॅट ७ वरून ८ वर गेलेल्या अनेकांच्या याद्या अशाच बिघडल्या, आणि डेटाबेसला तर कुणी बोटही लावलं नव्हतं! ज्यांना हे माहीत होतं त्यांनी सिस्टीम बदलल्यावर याद्या पुन्हा लावून घेतल्या आणि सुटले. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना कळायलाच महिने लागले, कारण कुठलीही एरर येत नाही.

शिवाय जमीन सरकल्याचे दाखले कितीतरी. विंडोज ७ जानेवारी २०२०मध्ये संपलं, विंडोज १० ऑक्टोबर २०२५मध्ये. सेंटॉस ८ तर २०२९पर्यंत चालेल या भरवशावर लोकांनी बसवलं, आणि डिसेंबर २०२०मध्ये जाहीर झालं की २०२१अखेर बंद. नवं मशीन घ्यावंच लागतं, त्यावर जुना सर्व्हर धड बसत नाही, आणि मग जे पाच वर्षांत सावकाश करायचं ते एका रात्रीत, घामाघूम होत.

"क्लाउडवर टाका, कटकटच नको!" असा सल्ला पुण्या-मुंबईचे भाचे-पुतणे देतात. टाका की. मशीन पाण्यात जायची भीती नाही, हा मोठा फायदा आहे, मी नाकारत नाही. पण तिथंही दिवाणजी निवृत्त होतोच. अॅमेझॉननं मार्च २०२४पासून मायएसक्यूएल ५.७ वर राहणाऱ्यांकडून जादा पैसे घ्यायला सुरुवात केली. घरमालक बदलला म्हणून शाकारणीचा खर्च चुकत नाही, तो भाड्यात येतो.

आणि हे फक्त आपल्या गावंढळपणाचं आहे असंही समजू नका. गिटलॅब नावाची जगभरच्या प्रोग्रॅमरांची कंपनी. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरकडून भलत्याच सर्व्हरचा पोस्टग्रेसचा फोल्डर पुसला गेला. बॅकअप काढायला गेले तर बॅकअप नाहीच! का? सर्व्हर ९.६ वर गेला होता आणि बॅकअप घेणारं अवजार ९.२ चं चालत होतं. ते रोज नापास होत होतं, नापास झाल्याची ईमेल कुणापर्यंत पोचत नव्हती. सहा तासांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी काढलेली प्रत होती म्हणून वाचले. आमच्या पतसंस्थेचा क्लार्क आणि ते इंजिनिअर, दोघांचं दुखणं एकच. बॅकअप रोज निघतोय असं दोघांना वाटत होतं, तो परत बसवून मात्र कुणी बघितला नव्हता. मात्र गिटलॅबनं सगळा प्रकार जगासमोर तपशीलवार मांडला. आपल्याकडे तो "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" या एका वाक्यात गुंडाळला जातो.

ब्लॉगवाल्या मित्रांनो, तुम्ही गालातल्या गालात हसू नका. ज्यांचा स्वतःच्या जागेवर वर्डप्रेसचा ब्लॉग आहे, त्यांच्याही पायाखाली मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीच आहे. ८.० येईपर्यंत मायएसक्यूएलची मूळ अक्षरव्यवस्था लॅटिन होती, आणि क्रम चक्क स्वीडिश! होस्टिंग बदलताना कितीजणांचे मराठी लेख प्रश्नचिन्हांची रांग झाले, आठवा. अगम्य परदेशी अक्षरं दिसत असतील तर बहुधा लेख परत मिळतो. '?????' दिसत असेल तर अक्षरं गेलीच, कुठलाही जादूगार ती आणू शकत नाही. देवनागरीचं अक्षर तीन बाइटांत मावतं, इमोजीला चार लागतात. जुन्या व्यवस्थेत लेखात एक हसरा चेहरा टाकला की कधी कधी त्याच्यापुढचा सगळा लेख कापला जायचा. वर्डप्रेसनं एप्रिल २०१५मध्ये ही व्यवस्था बदलली. ज्यांनी तेव्हा 'चाललंय न्हवं' म्हटलं त्यांच्या दहा वर्षांच्या लेखनाची किंमत त्यांनाच विचारा.

आता खरा राग कुणावर, ते सांगतो. सॉफ्टवेअर विकणाऱ्या माझ्याच व्यवसायबंधूंवर. तीन कोटेशनं येतात. तिन्हींत 'इन्स्टॉलेशन'ची ओळ असते, 'ट्रेनिंग'ची असते, 'एएमसी'ची असते. 'अपग्रेड'ची ओळ? मी तरी क्वचितच पाहिली. मुख्य पासवर्ड संस्थेला दिलेला नसतो, तो विकणाऱ्याच्या खिशात. का, तर "तुम्ही काहीतरी बिघडवाल." म्हणजे वह्या तुमच्या, कपाट तुमचं, किल्ली त्याची. उद्या त्यानं धंदा बंद केला, तर? आपल्याकडच्या एका तरी संचालक मंडळानं हा प्रश्न विचारलाय का? उद्घाटनाला नारळ असतो, फोटो असतो, आमदार असतात. अपग्रेडला कुणी नारळ फोडत नाही, म्हणून ते कुणाला करायचं नसतं.

आणि ही गोष्ट आता दहा-वीस पतसंस्थांपुरती राहिलेली नाही. जून २०२२मध्ये केंद्रानं देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटींची मंजुरी दिली. म्हणजे गावोगावच्या विकास सेवा संस्था, शेतकऱ्याचं पीककर्ज, त्याचे हप्ते, सगळं वह्यांतून मशीनमध्ये. चांगलंच आहे! पण बसवायला जेवढे पैसे आणि जेवढी माणसं, तेवढीच पुढं सांभाळायला लागतात, हे ज्या दिवशी आपल्याला पटेल तो सुदिन.

"परवडत नाही" हे म्हणणं मात्र मी ऐकून घेणार नाही. पोस्टग्रेस फुकट आहे, मायएसक्यूएलची कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे. लागतं काय, तर एक जुना लॅपटॉप, वर्षातून दोन रविवार आणि हे काम येणाऱ्या माणसाची मजुरी. आपले आजोबा दर मे महिन्यात घराची शाकारणी करून घ्यायचे. कौलं गळत नसली तरी! एकेक कौल काढायचं, फुटकं बदलायचं, पुन्हा रचायचं. "गळत नाही न्हवं, मग कशाला हात लावायचा," असं म्हणणारा माणूस जुलैत पातेली घेऊन घरभर फिरायचा आणि गल्ली त्याला हसायची.

शाकारणीत कौलं फुटतातही. राधानगरीचंच बघा. धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे, पाणी चढलं की आपोआप उघडणारे, त्यांचा आपल्याला केवढा अभिमान. त्या धरणाचा एक सेवा दरवाजा डिसेंबर २०२१मध्ये देखभालीचं काम चालू असताना उघडाच अडकला आणि भोगावतीत पाणी धो धो सुटलं. लोक घाबरले. पण महिना डिसेंबर होता. नदी रिकामी होती, माणसं जागेवर होती, आणि दरवाजा बसवता आला. हेच जुलैत, नदी काठोकाठ असताना झालं असतं तर? देखभाल करताना बिघडू शकतं, म्हणून तर ती आपण निवडलेल्या दिवशी करायची. आपण दिवस निवडला नाही तर तो पूर निवडतो, जळालेली हार्ड डिस्क निवडते, नाहीतर एखादा चोर निवडतो.

तर मंडळी, मागणं फार मोठं नाही. आपल्या सगळ्यांचे कुठल्या ना कुठल्या पतसंस्थेत, दूध संस्थेत, सोसायटीत शेअर्स आहेत. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा होते. आपण जातो, अहवाल चाळतो, "मंजूर, मंजूर" म्हणतो, वडा खातो, भेटवस्तू घेतो आणि घरी येतो. यंदा वडा खायच्या आधी तीन प्रश्न विचारा. एक, आपला डेटाबेस कुठला, कितवं व्हर्जन, आणि त्याची मुदत कधी संपते? दोन, बॅकअप दुसऱ्या मशीनवर शेवटचा कधी उतरवून बघितला, तारीख सांगा. तीन, मुख्य पासवर्ड संस्थेच्या तिजोरीत आहे की विकणाऱ्याच्या खिशात? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. अध्यक्षांना उत्तरं येणार नाहीत, मॅनेजर मागं वळून क्लार्ककडे बघतील, क्लार्क छताकडे. हरकत नाही. पुढच्या वर्षी हाच प्रश्न पुन्हा येणार हे कळलं, की वर्षभरात कुणीतरी उत्तर शोधून ठेवेल.

असो. आत्याला मी हे तीन प्रश्न मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून दिलेत. ती सभेत पहिल्या रांगेत बसते, आणि उत्तर मिळाल्याशिवाय माइक सोडत नाही.